प्रवाळाची टाकी : शौक श्रीमंतांचा, रोजी कारागिराची

व्यापारी व कारागीर बंधूंनो, मासे पाळण्याची काचेची टाकी आपल्या ओळखीची आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात या मालाची दुकाने आहेत आणि काच कापणारे, स्टँड जोडणारे, मोटर दुरुस्त करणारे आपले अनेक बांधव या धंद्यावर पोट भरतात. आखातात नोकरीधंद्यासाठी गेलेल्या रत्नागिरी-रायगडकडच्या बांधवांना तेथील हॉटेलांत व बंगल्यांत या टाकीचा आणखी मोठा प्रकार पाहायला मिळतो. ती टाकी समुद्राच्या खाऱ्या पाण्याची असते आणि तीत माशांबरोबर जिवंत प्रवाळ वाढवलेले असतात. सर्वांत जास्त लक्ष वेधून घेतात ते ताटासारखे पसरलेले प्रवाळ. "हा माल इकडे आणून विकला तर?" असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. म्हणून या अंकात आम्ही याच मालाची माहिती देत आहोत. माल काय आहे, तो कसा जगतो, त्यात कमाई कोठे आहे आणि तुरुंग कोठे आहे, हे भांडवल घालण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

पोवळे वेगळे, हे प्रवाळ वेगळे

प्रथम एक गैरसमज दूर करू. कुरआन शरीफात सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर 'मर्जान'चा उल्लेख आहे. आपले जवाहिरे मर्जान किंवा पोवळे म्हणून जो लाल खडा अंगठीत बसवतात, तो प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या जातीचा सांगाडा असतो. टाकीत वाढवतात ते प्रवाळ उष्ण समुद्रातील उथळ पाण्याचे, खडक बांधणारे प्रवाळ होत. ते दगडही नव्हेत आणि झाडही नव्हेत. हजारो बारीक जीव एकत्र राहून चुन्याचे एक घर बांधतात, तो प्रवाळ. या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा घरमालकाला भाड्यासारखा देते. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो.

ताटाच्या आकाराचे प्रवाळ म्हणजे एकच जात नव्हे. व्यवहारात तीन प्रकार येतात. पहिला टेबल प्रवाळ. अॅक्रोपोरा हायासिंथस व अॅक्रोपोरा सायथेरिया या त्याच्या प्रसिद्ध जाती. खाली एक आखूड खांब आणि त्यावर आडवे पसरलेले, जाळीदार फांद्यांचे मेज, अशी त्याची रचना असते. समुद्रात हे मेज दोन मीटरहून रुंद होते. दुसरा माँटिपोरा. हा पातळ पापडासारखा असून कित्येकदा गुलाबाच्या पाकळ्यांसारखा एकावर एक वळत जातो. तिसरा फंजिया. तो सुटा, एकटा, वाळूवर बशीसारखा पडून राहतो आणि त्या बशीच्या मध्यभागी त्याचे एकच तोंड असते. पहिले दोन खडकावर चिकटवावे लागतात. तिसरा मात्र खडकावर ठेवला तर घासून जखमी होतो, त्याची जागा वाळूच. दुकानदाराला हा फरक माहीत नसेल तर गिऱ्हाइकाचे नुकसान झाल्यावाचून राहत नाही.

टाकी रुंद हवी, उंच नव्हे

आता कारागिरांच्या कामाची गोष्ट. दिवाणखान्यात उंच टाकी शोभून दिसते म्हणून गिऱ्हाईक उंच टाकी मागते. परंतु ताटाला वाढायला जमीन लागते. मेज पसरू लागले की त्याची सावली खाली पडते आणि खालचा प्रवाळ उजेडावाचून मरतो. म्हणून चार फूट लांबीची टाकी असेल तर रुंदी निदान दोन फूट, शक्य असेल तर अडीच फूट ठेवावी आणि उंची कमी करावी. हे गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगणारा कारागीर दोन वर्षांनंतरही त्याचा कारागीर राहतो.

चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत सुमारे साडेचारशे लिटर पाणी मावते. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजनच सुमारे नव्वद किलो होते. पाणी, काच, दगड व स्टँड मिळून वजन सहाशे किलोच्या वर जाते. जुन्या चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर किंवा बाल्कनीत अशी टाकी बसवणे म्हणजे धोका विकत घेणे होय. स्टँड एका सुताने जरी वाकडा असेल तरी काचेवर ताण येतो. टाकी जोडण्यासाठी बुरशीनाशक न मिसळलेले, टाकीसाठीच बनवलेले सिलिकॉन वापरावे. लोखंडी स्टँडला पावडर कोटिंग हवे, कारण खारे पाणी साधा रंग लवकरच खाऊन टाकते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पितळी नळ, तांब्याची तार किंवा तांबे असलेला कोणताही भाग पाण्याला लागता कामा नये. तांबे पाण्यात किंचित जरी उतरले तरी प्रवाळाला ते विष आहे. येथे सर्व जोडकाम प्लास्टिकचेच करावे.

उजेड आणि प्रवाह

पूर्वी या टाक्यांवर मेटल हॅलाइडचे दिवे लावीत. त्यांनी पाणी तापे व विजेचे बिलही वाढे. आज बहुतेक ठिकाणी निळ्या-पांढऱ्या एलईडी दिव्यांची व्यवस्था असते. उजेड डोळ्यांनी ठरवू नये, त्याचे मीटर मिळते. त्याला पार मीटर म्हणतात. टेबल प्रवाळाला या मापाने साधारण २५० ते ४०० इतका उजेड मानवतो. पापडासारख्या माँटिपोराला १५० ते २५० पुरतो. नवा प्रवाळ आणल्याबरोबर भर उजेडात ठेवू नये. कमी उजेडापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत त्याला वर न्यावे.

उजेडाइतकाच प्रवाह महत्त्वाचा. मेजाच्या वरून पाणी वाहते पण खालून वाहत नाही, अशी चूक सर्रास होते. मग खालच्या बाजूस गाळ साचतो आणि तेथूनच प्रवाळ पांढरा पडू लागतो. म्हणून तुकडा सपाट दगडावर न चिकटवता छोट्या उंचवट्यावर बसवावा, म्हणजे त्याच्या खालून पाणी फिरेल. पंपाचा झोत सरळ एकाच जागी मारू नये. दोन पंप समोरासमोर लावून ते आलटून पालटून चालवावेत. वाटीसारख्या माँटिपोरात कचरा साचतोच. आठवड्यातून एकदा पिचकारीने तो हलकेच उडवावा.

मेज मोठे झाले की त्याचा सगळा भार एका आखूड खांबावर येतो. बाजूला जरा धक्का लागला तरी ते उलथते. यासाठी तुकडा बसवतानाच जेल स्वरूपातील झटपट गोंद आणि पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सी, दोन्ही वापरून पाया पक्का करावा. शेजारच्या प्रवाळापासून निदान १५ ते २० सेंटिमीटर अंतर सोडावे. काही जातींचे प्रवाळ रात्री लांब धागे सोडून शेजाऱ्याला जाळतात.

चुन्याचा हिशेब

या शौकाचा गाभा चुना आहे. आपला सोनार ज्या काट्याने काम करतो, तसा बारीक हिशेब येथे लागतो. प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व क्षारता घेऊन आपले घर बांधतो. म्हणून पाण्यात कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि क्षारता ७ ते ९ डीकेएच असावी. खारटपणा हजारात ३५ भाग आणि तापमान २५-२६ अंश असावे.

एक उदाहरण घेऊ. साडेचारशे लिटरच्या टाकीत क्षारता एका दिवसात ८.५ वरून ८ झाली. म्हणजे अर्धा अंश घटली. याचा अर्थ त्या दिवशी प्रवाळांनी सुमारे चार ग्रॅम चुनखडी बांधली. महिन्याला हे एकशेवीस ग्रॅम होतात. तेवढा माल रोजच्या रोज परत टाकला नाही तर चार-पाच दिवसांत भांडे रिकामे होऊ लागते आणि वाढ थांबते.

हा माल परत घालण्याचा सर्वांत जुना व स्वस्त मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. एका लिटर शुद्ध पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो. वरच्या उदाहरणात रोज दोन लिटर निवळी, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम चुना, एवढ्यात हिशेब पुरा होतो. परंतु पानाच्या टपरीवरचा चुना येथे चालणार नाही. त्यात इतर पदार्थ असतात, येथे शुद्ध प्रतीचाच चुना हवा. निवळी अतिशय जहाल असते. ती एकदम ओतली तर टाकी मरते. सलाइनसारखी थेंब थेंब सोडावी, आणि तीही रात्री सोडणे चांगले. टाकीतील पाण्याची रोज वाफ होते, मीठ मात्र मागेच राहते. ही तूट नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने कधीही नाही. तुटीच्या त्या पाण्यातच निवळी द्यावी, म्हणजे दोन कामे एकदम होतात.

मोठ्या मेजांच्या टाकीला निवळी पुरत नाही. मग क्षारता व कॅल्शियमची वेगवेगळी द्रावणे यंत्राने मोजून सोडतात. मार्ग कोणताही असो, नियम एकच आहे. आकडा नऊ असो वा साडेसात, तो रोज तोच राहिला पाहिजे. क्षारता आज सात, उद्या दहा अशी झाली की टेबल प्रवाळाची टोके जळतात आणि कातडी खांबाकडून सुटू लागते. हे एकदा सुरू झाले की दोन दिवसांत पूर्ण मेज पांढरे झालेले दिसते.

नळाचे पाणी थेट वापरू नये, आरओ व त्यापुढील गाळणीतून काढलेले पाणी घ्यावे. किनाऱ्याजवळचे गढूळ समुद्राचे पाणी आणण्याचा मोह टाळावा. तयार मीठ लिटरला ३५ ग्रॅम लागते. साडेचारशे लिटरला पहिल्यांदा सोळा किलो आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर सुमारे दीड किलो. गिऱ्हाइकाला हा खर्च पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावा.

उन्हाळा, वीज आणि कीड

आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान ३३-३४ अंशांवर जाते. प्रवाळ २८ अंशांच्या वर त्रासात येतो. उष्णता टिकून राहिली की तो आपले शैवाळ बाहेर टाकतो व पांढरा पडतो. समुद्रातही हेच घडते. आपल्या लक्षद्वीप बेटांभोवतीच्या टेबल प्रवाळांनी १९९८, २०१० व २०१६ या वर्षी उष्ण पाण्याचा मार खाल्ला. म्हणून पाणी थंड करणारे चिलर यंत्र ही येथे चैन नसून गरज आहे. चिलर, दिवे व पंप मिळून सरासरी ६०० वॅट धरले तर दिवसाला १४ युनिटांहून अधिक आणि महिन्याला ४३० युनिटांच्या आसपास वीज जळते. आपल्या भागातील दराने गुणून पाहावे म्हणजे हा शौक कोणाचा आहे ते कळेल.

वीज गेली तर प्रवाळ अंधारात दिवस काढू शकतो, पण पाणी फिरायचे थांबले तर काही तासांतच प्राणवायू संपतो. म्हणून एक पंप तरी बॅटरीवर चालणारा असावा. इन्व्हर्टरचे काम करणाऱ्या बांधवांनी ही गरज ध्यानात ठेवावी.

किडीचेही सांगितले पाहिजे. अॅक्रोपोरावर त्याच रंगाचा चपटा किडा बसतो व कातडी खातो. माँटिपोराच्या पाठीमागे पांढरी छोटी गोगलगाय लपते. नवा तुकडा आयोडीनयुक्त द्रावणात बुडवून, झटकून, वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवल्यावाचून मुख्य टाकीत सोडू नये. द्रावणाने किडे मरतात पण अंडी मरत नाहीत. ती पात्याने खरवडून काढावी लागतात.

आणि घाई नको. नवी टाकी भरल्यावर पाणी स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. टेबल प्रवाळ तर सहा महिने ते वर्षभर चाललेल्या टाकीतच घालावा. तुकडा आधी पायाशी पसरतो, मग थोडा वर येतो आणि त्यानंतर आडवा होतो. खरे मेज दिसण्यास दोन वर्षे जातात.

माल येतो कोठून ?

जगाच्या बाजारात जिवंत प्रवाळ पाठवण्यात इंडोनेशिया आघाडीवर आहे आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका आहे. या शौकाचा इतिहासही इंडोनेशियाशी जोडलेला आहे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची आपली पद्धत १९६१ साली छापून प्रसिद्ध केली. आज बालीत आणि जावाच्या पूर्व टोकाला बान्युवांगीकडे प्रवाळांची शेती होते. मोठ्या प्रवाळाचे तुकडे करून ते सिमेंटच्या छोट्या चकत्यांवर लावतात व उथळ समुद्रातील मांडवांवर वाढवून विकतात. जावाचे बहुतेक कष्टकरी आपलेच दीनी बांधव आहेत.

परंतु हा धंदा सरकारी हुकुमावर किती अवलंबून आहे, हेही त्यांच्याकडूनच शिकावे. २०१८ साली इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवली. सुमारे दीड वर्षाने ती शेतीच्या मालापासून पुन्हा सुरू झाली. ज्यांचे सारे भांडवल एकाच मालात होते त्यांचे काय झाले असेल, ते व्यापाऱ्याला सांगायला नको.

कायदा काय म्हणतो ?

येथे आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. जुलै २००१ पासून भारतात खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कागदावर त्यांचा दर्जा वाघाच्या बरोबरीचा आहे. समुद्री पंखे व काळा प्रवाळ हेही त्यातच येतात. अशा प्राण्याचा व्यापार हा गुन्हा असून शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. मालवण, लक्षद्वीप, अंदमान, कच्छ, मन्नारचे आखात, कोठूनही प्रवाळ तोडणे हा गुन्हाच आहे. वाळलेला सांगाडा शोकेससाठी विकणे हाही गुन्हा आहे.

परदेशी मालाचेही तसेच. खडक बांधणारे सर्व प्रवाळ सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि आखाती देशही या कराराचे सदस्य आहेत. परवान्यावाचून बॅगेत आणलेला एक तुकडासुद्धा विमानतळावर जप्त होऊ शकतो, आणि बॅग आणणाराही अडकतो. सुट्टीवर येताना समुद्रकिनाऱ्यावरचा सुंदर 'दगड' घरच्यांसाठी आणणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. "सगळेच विकतात" हा कोर्टात जबाब होत नाही. जो माल विकताना पोलिसाला पाहून घाम फुटतो, त्या मालात बरकत नाही.

मग कमाई कोठे ?

या धंद्यात कायम टिकणारी कमाई प्रवाळ विकण्यात नाहीच. ती टाकी, पाणी व देखभाल यांत आहे. आणि या कामाला भारतातही पूर्ण मुभा आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत परवानगीचे मासे व कृत्रिम प्रवाळ ठेवून अनेक जण हौस भागवतात. त्यांनाही रुंद टाकी, खालची गाळण-टाकी, चिलर, मीठ व महिन्याची देखभाल लागतेच. राळेपासून हुबेहूब प्रवाळ बनवणे हा तर आपल्या साचेकारांसाठी व रंगकाम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र उद्योग होऊ शकतो.

आखातात काम करणाऱ्या तरुणांसाठी मार्ग वेगळा आहे. तेथे परवान्याने आलेले प्रवाळ टाक्यांत असतात आणि ते जगवणारा माणूस हवा असतो. क्षारता मोजणे, निवळी लावणे, कीड ओळखणे, वहीत रोजचा आकडा लिहिणे, एवढे ज्याला नेटके येते त्याला चार टाक्यांचे काम मिळाले की पाचवी टाकी आपोआप येते. त्यासाठी पदवी लागत नाही. लागते ती नजर, नियमितपणा आणि खरे बोलण्याची सवय. गिऱ्हाइकाचे मेज मरू लागले तर ते लपवू नये. आकडे दाखवून कारण सांगावे. मापात खोट करणाऱ्याबद्दल आपल्या दीनमध्ये किती कडक ताकीद आहे ते सर्वांना ठाऊक आहे, आणि येथे तर मापावर एक जीव अवलंबून असतो.

ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी पहिले वर्ष प्रवाळाला हात न लावता रिकाम्या खाऱ्या टाकीवर घालवावे. खारटपणा, तापमान व क्षारता यांचे आकडे तीन महिने वहीत एका रेषेत राहिले की समजावे, हात बसला. ज्याचा हात बसला त्याला काम शोधत फिरावे लागत नाही, काम त्याला शोधत येते. अल्लाह आपल्या कष्टात बरकत देवो.